गुन्वोरच्या कोबीवरची जुनी खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे. पण मित्रांनो, मला भिंतीत शोधू नका. मी जमिनीवर आडवी पडलेली असते, चार फळ्यांच्या पेटीवर झाकण म्हणून. माझ्या पोटाखाली घोड्याची लीद असते. हसू आले ना? खुशाल हसा. त्या लिदीच्या उबेवरच आमच्या गावची भाजी सुरू होते.

पूर्वी मी गुन्वोरच्या स्वयंपाकघरात होते. उत्तर स्वीडनमधल्या एका सुताराने मला चांगल्या पाइनच्या लाकडातून घडवले होते. हिवाळ्यात माझ्या काचांवर बर्फाची नक्षी उमटे आणि लहानगी गुन्वोर ऊन ऊन बोट टेकवून तिच्यात भोक पाडी. मग तीन काचांची नवी खिडकी आली. तिच्यावर नक्षी उमटत नाही म्हणून तिचेच कौतुक! मला गोठ्यामागे उभे करून ठेवले. तेव्हापासून माझा स्वभाव जरा जळका झाला, हे मी लपवत नाही.

मोठी झाल्यावर गुन्वोरनेच मला तिथून बाहेर काढले. बर्फ गुडघाभर असतानाच ती चुलीतली राख भाजीच्या जागेवर पसरायची. काळी राख ऊन धरते आणि तेवढी जमीन आधी मोकळी होते. मग पेटीत लीद, लिदीवर माती, मातीत बी आणि वर मी. ऊन तापले की ती माझ्याखाली काठीचा टेकू द्यायची, संध्याकाळी तो काढून वर घोंगडी टाकायची. बाहेर सगळे पांढरे आणि माझ्या पोटाशी हिरवे कोंब! शेजारी मुद्दाम वाकून बघायचे. काय माझा तोरा होता तेव्हा!

यंदा तिचा नवरा एगिल याने रोपे वाढवायला प्लास्टिकचे घर आणले. "तुझे गुडघे बघवत नाहीत मला. इथं उभ्यानं काम कर," तो म्हणाला. घर चकचकीत, माणूस आरामात उभा राहील एवढे. छपराला एक झडप होती आणि उकाडा झाला की ती आपोआप उघडे. मला सगळ्यात झोंबली ती झडप. मला उघडायला माणूस लागतो. तिला कुणीच लागत नव्हते.

पण कोबीचे बी गुन्वोरने माझ्याखालीच पेरले. ते तिच्या आईने राखलेल्या वाणाचे होते आणि डबीत शेवटची चिमूट उरली होती. ती वाया गेली असती तर तो कोबी कायमचा गेला असता.

"एवढं घर आणलं तुझ्यासाठी, आणि मोलाचं बी त्या म्हातारीखाली?" एगिल फुरंगटून म्हणाला.

"म्हातारीला मी ओळखते. तुझ्या घराशी ओळख व्हायचीय अजून."

"म्हणजे माझ्यापेक्षा त्या खिडकीवर विश्वास जास्त!"

"ती निदान घोरत तरी नाही."

मला गुदगुल्या झाल्या. माझाही कुणी हेवा करते, हे मला नवीनच होते.

एप्रिलमध्ये एका सकाळी गुन्वोर बहिणीकडे निघाली. आभाळ भरलेले होते. "ऊन पडलं की खिडकीला टेकू दे," तिने बजावले. "नाहीतर बसशील गप्पा मारत."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" एगिल म्हणाला.

ती गेली आणि ढग पांगले. चहूकडे बर्फ असला की ऊन वरून येते तसे खालूनही येते. नेमका तेव्हाच शेजारचा सिक्स्टेन नवे घर बघायला आला. एगिल कॉफीची किटली आणि दालचिनीचे पाव घेऊन त्याला आत घेऊन गेला.

"अरे वा, इथं तर उन्हाळाच आणून ठेवलायस!" सिक्स्टेन म्हणाला. झडप आपोआप उघडली तेव्हा तर दोघांनी टाळ्या वाजवल्या.

मी जळत होते, मित्रांनो, मत्सराने आणि खरोखरीच्या उन्हानेही. माझ्या काचा आतून घामेजल्या. कोवळी रोपे एकेक करून माना टाकू लागली. मला तसूभरही हलता येत नव्हते. त्या वेळी मला त्या झडपेचा जेवढा हेवा वाटला, तेवढा आयुष्यात कशाचा वाटला नव्हता.

"एगिल, तुझ्या त्या खिडकीला एवढा घाम का फुटलाय रे?" सिक्स्टेनने विचारले.

एगिलच्या हातातला कप पडला. त्याने धावत येऊन मला असे भिरकावले की माझे एक तावदान दगडावर आपटून फुटले. निम्मी रोपे शिजून गेली होती. उरलेल्यांवर त्याने सावलीसाठी आपली टोपी धरली. गुन्वोर परतली तेव्हाही तो तसाच बर्फात गुडघे टेकून बसलेला होता.

"मी विसरलो," तो म्हणाला.

"टोपी काढ. बघू दे काय उरलंय ते," गुन्वोर म्हणाली आणि उरलेली रोपे घेऊन चक्क त्या प्लास्टिकच्या घरात गेली.

काच फुटल्याचे मला एवढे दुःख नव्हते. माझी लेकरे परक्याच्या मांडीवर वाढत होती आणि ती तिथे जोमाने वाढत होती, हे मला रोज बघावे लागत होते. ती वाळून जावीत असे मात्र एकदाही मनात आले नाही.

मे महिन्यात गुन्वोरने रोपांना बोट लावून पाहिले. ती उंच होती, पण लुळी. "लाडावलीत. अशी वाफ्यात लावली तर पहिल्याच वाऱ्यात झोपतील," ती म्हणाली. "म्हातारीला नीट कर, एगिल. आता तिचं काम आहे."

एगिलने मला नवी काच बसवली, तिच्या कडांच्या फटींत लांबी भरली. कोबी तर आलाच, त्या घरात जन्मलेली इतर रोपेही मुकाट्याने माझ्याखाली आली. रोज थोडा जास्त टेकू, रोज थोडा जास्त वारा. त्यांचे देठ माझ्याखाली घट्ट झाले आणि मगच ती वाफ्यात गेली. आईचा कोबी वाचला.

माझा मत्सर गेला का? पुरता नाही. पण हल्ली ऊन दिसले की एगिल कॉफी तशीच टाकून, बोलणे अर्धवट सोडून माझ्याकडे येतो. ती झडप आपोआप उघडते, म्हणून तिच्याकडे सकाळी कुणीच जात नाही. तिला माझा हेवा वाटत असेल तर वाटू दे.

मित्रांनो, तुमच्या भरवशावर कुणी मिटून पडले असेल, तर ऊन पडताच आधी त्याच्याकडे धावा. टाळ्या मागाहून वाजवा.