टवका उडालेला नारिंगी वाडगा

मॅक्सीनच्या घरी जेवायला जायचं म्हटलं की मी आधी सबबी शोधते. मॅक्सीन माझी सख्खी नणंद. ओहायो नदीकाठच्या आमच्या या गावात एके काळी घरटी एक माणूस चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात होता. माझे सासरे भट्टीवर होते. ते गेले, भट्ट्या थंड झाल्या, आणि बाईसाहेब तीच जुनी भांडी गोळा करत सुटल्या. नारिंगी, पिवळी, मोरपंखी. कुणाची म्हातारी गेली आणि पोरांनी घरातलं सामान विकायला काढलं की ही उजाडायच्या आत दारात हजर. हिच्यापेक्षा गिधाड बरं, ते निदान खाऊन निघून जातं.

माझी नात ओपल जन्मली तेव्हा हिनं तिला एक नारिंगी वाडगा दिला. कडेचा टवका उडालेला. "पणजोबांच्या भट्टीतला आहे," म्हणाली, "पोरीनं यातच जेवायचं." माझ्या सुनेला, ब्रिनला, गहिवरून आलं. दात यायच्या आधीपासून ओपल त्यातच खाते. उकडलेल्या सफरचंदाचा गर, वर थोडं लिंबू. उरलं की झाकण ठेवून तसंच फ्रिजमध्ये.

यंदा ओपलच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, जुन्या रंगात शिसं असतं; कुणाचं जुनं घर आहे का, रंगाचे पापुद्रे निघतात का. ब्रिननं माझ्याकडे पाहिलं. झालं, खापर माझ्या जुन्या घराच्या रंग सोललेल्या खिडक्यांवर फुटलं. "व्हर्ना, खिडक्यांचं काय ते होईपर्यंत ओपलला तुमच्याकडे नको," ती म्हणाली. मी सगळ्या खिडक्या काढून नव्या बसवल्या. पोर माझ्याकडे येईनाशी झाली, तरी पुढच्या तपासणीत शिसं वाढलेलंच. "तुमच्या कपड्यांवरून येत असेल," ब्रिन म्हणाली. मी गिळलं ते. नात हातची जाईल या भीतीनं माणूस काय काय गिळतं.

मग परवा मॅक्सीनकडे तिच्या भांडीवेड्या मंडळींचं जेवण होतं. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा, आपल्या भांड्याच्या बुडाला नावाची पट्टी चिकटवायची. मी व्हिनेगरमधलं बीट नेलं. टेबलावर नुसती नारिंगी बहार. वाडगे, बश्या, सुरया. आणि जेवण मात्र काचेच्या आणि स्टीलच्या भांड्यांत, हातात प्रत्येकाच्या कागदी बशी.

"एवढी भांडी मांडलीस आणि कागदावर जेवायला घालतेस?" मी विचारलं.

मॅक्सीन हसली. "अगं, वेडी का तू? ही बघायची भांडी. या जुन्या झिलईत शिसं असतं. आंबट लागलं की उतरतं अन्नात. त्यातून टवका उडालेलं असलं तर विचारूच नकोस. आमच्यात कुणी जेवत नाही यांत."

सगळ्यांनी माना हलवल्या. कोंबडी चावत चावत.

ब्रिन कोपऱ्यात ओपलला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या हातात चमचा होता आणि पुढ्यात घरून आणलेला ओपलचा तो वाडगा, सफरचंदाच्या गरानं भरलेला. चमचा तसाच राहिला.

"मग हा?" मी वाडग्याकडे बोट केलं.

"तो?" मॅक्सीननं नाक मुरडलं. "त्याचा टवका उडालेला, मांडणीत शोभत नव्हता. टाकवेनाही, बाबांच्या भट्टीतला. म्हटलं, जाऊ दे घरातच."

"'यातच जेवायचं' म्हणालीस तू."

"ते आपलं म्हणायचं असतं गं. मला काय ठाऊक, या रोज खरंच त्यात भरवतील."

मला किळस आली. भांड्याची नाही, हिची. मळ साचलेल्या मोरीत हात घातल्यासारखी. मी माझं बीट उचललं, टेबलाच्या मधला तिचा सगळ्यात लाडका वाडगा पुढे ओढला आणि रसासकट त्यात ओतलं. चमचा तिच्यापुढे धरला.

"खा."

"व्हर्ना, हा काय तमाशा?"

"एक घास. माझी नात वर्षभर खातेय."

मॅक्सीननं चमचा घेतला नाही. तिनं घाईघाईनं वाडगा उचलला, बीट मोरीत ओतलं आणि ओल्या फडक्यानं आतून पुसत बसली. "व्हिनेगरनं चकाकी जाते याची," म्हणाली. "असा दुसरा मिळत नाही आता." त्या संबंध वेळात तिनं पोरीकडे एकदाही पाहिलं नाही.

ब्रिन उठली. ओपलचा वाडगा तिनं त्या टेबलाच्या मधोमध ठेवला, गरासकट. मग येऊन पोर माझ्या कडेवर दिली.

"आज तुमच्याकडे झोपेल ही," ती म्हणाली. मी म्हटलं, चल, आधी तिचं तोंड धुऊ.