पाय धुण्याचं पाणी

नम्रतेत त्रिंबकचा हात धरणारा माणूस पाटोद्याच्या पंचक्रोशीत सापडला नसता, आणि हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं. दूध संस्थेचा सचिव असून चर्चमध्ये तो मुद्दाम शेवटच्या सतरंजीवर बसायचा. मात्र चार जणांनी ‘अहो, पुढं या’ म्हटल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

त्या साली दुष्काळाने गुरांच्या बरगड्या वर आणल्या होत्या. पवित्र आठवड्यात पाळकसाहेब आजारी पडले आणि गुरुवारी बारा जणांचे पाय धुण्याचा विधी त्रिंबककडे आला. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. मंडळी म्हणाली, “यंदा नुसती बोटं भिजवू.” त्रिंबक ऐकेना. सेवा करायची तर हात राखून कशाला?

सकाळी संस्थेच्या दारात टँकर आला. नंबर लावणं त्रिंबकच्याच हातात. देवाच्या कामाचं नाव सांगून त्याने दोन घागरी आधी भरून घेतल्या. रांग संपायच्या आतच टँकर संपला. शेवटी उभी होती कडूबाई, चर्च झाडणारी एकटी म्हातारी. रिकामी घागर काखेत धरून ती उन्हात तशीच उभी राहिली. त्रिंबकने ते पाहिलं, आणि तो खिशात संस्थेची किल्ली हुडकू लागला. किल्ली त्याच्या हातातच होती.

एक घागर कडूबाईला द्यावी, असं दिवसभर त्याच्या मनात येत होतं. पण आता माघार घेतली तर लोक कारण विचारतील, म्हणून दोन्ही घागरी त्याने चर्चमध्ये नेऊन ठेवल्या.

संध्याकाळी कमरेला टॉवेल बांधून तो परातीपुढे बसला. आठ जणांतच पहिली घागर संपली. दुसरीत तांब्या बुडवला आणि त्याने वर पाहिलं. नववी कडूबाई होती. तिच्या टाचांच्या भेगांत माती भरली होती. हिचं पिण्याचं पाणी आपण हिच्याच पायांवर ओतणार!

“मावशी, ह्ये पानी तुझ्या वाट्याचं हाय. सकाळी म्या...”

“ठावं हाय. किल्ली हुडकीत होतास, बघितलं की म्या.”

त्रिंबकने तांब्या खाली ठेवला. “म्या ह्या सेवेला लायक न्हाई. चर्चच्या पंचांतून माझं नाव काढा. आजपासून बाहेर, पायताणांपाशी बसंन म्या.”

“आता समद्यांत मोठा पापी व्हायचंय व्हय तुला?” कडूबाई म्हणाली. “लायक कोन हाय हितं? चुकलास. आमच्यासारखाच हायस. एवढ्या तांब्यात ऱ्हायलेल्यांची बोटं भिजव, अन् घागर माझ्या घरी पोचव.”

आमच्यासारखाच! जन्मभर तो याच शब्दाला भीत आला होता. आता तो ऐकला आणि त्याला रडूच कोसळलं. लाज वाटत होती, तरी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखंही वाटत होतं. त्याने चौघांची बोटं भिजवली. पहिली कडूबाईची.

उपासना सुटल्यावर घागर खांद्यावर घेऊन तो निघाला. मागून कडूबाई. पारावर माणसं बसली होती, आणि गावात बाप्या माणसाने पाणी वाहायची रीत नव्हती. त्रिंबकची मान आपसूक पाराकडे वळली. बघताहेत ना सगळे?

“म्होरं बघून चाल,” कडूबाई म्हणाली. “पानी सांडतंय.”