जुना दोर, नवा दोर

आमचं संशोधन दोन देशांचं. जुन्या इस्पितळांच्या लिफ्टना नवी संगणकी यंत्रणा बसवायची, पण आधी सगळं संगणकावर चालवून बघायचं. यंत्रणेचं मॉडेल पलीकडच्या प्रयोगशाळेचं. दोर, डबा, ब्रेक यांचं माझं. दर आठवड्याला दोन्ही जोडून चालवायची. पलीकडच्या प्रमुखाला आम्ही आपसांत मुकादम म्हणायचो.

जोडलं की माझा डबा वरच्या मजल्यापाशी थरथरायचा. मुकादमाचं एकच पालुपद: "तुमचा दोर फार ताणला जातो." जणू मी तो घरी बसून वळला होता! आमच्या चाचणीच्या लिफ्टला मी मुद्दाम एका इस्पितळातून काढलेला जुना दोर लावून घेतला होता, ताण स्वतः मोजला होता. थरथर खरी होती. त्या लिफ्टमधून स्ट्रेचरवरचा पेशंट जाणार, हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर म्हणाले, "अगं, मॉडेलमधला दोर जरा ताठ कर ना. एवढ्या मोठ्या लोकांशी कशाला वाकडं घेतेस?"

"मॉडेलमधला होईल सर. खऱ्या दोराला कोण समजावणार?"

शेवटी सरांनीच मॉडेलमधल्या दोराच्या ताठपणाचा आकडा बदलला. पडद्यावरचा डबा अलगद वर गेला आणि दोन्ही देशांत टाळ्या वाजल्या.

मग खऱ्या चाचणीला मुकादम स्वतः आला. लिफ्ट वर गेली आणि अशी थरथरली की त्याने कठडा धरला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं कशाला बोलू? आता तरी ऐकतील, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मेकॅनिक जुना दोर उतरवत होता. शेजारी नवा, चांगला जाडजूड.

"मॉडेलशी जुळणारा दोर हवा ना," सर म्हणाले.

मोजमाप मलाच करायला लावलं. थरथर नावाला नव्हती. मुकादमाने माझा हात हातात घेतला. "बघा, दोष दोरातच होता!"

"मग इस्पितळांचेही दोर बदलणार का?" मी विचारलं.

"ते आपल्या कामात बसत नाही," सर घाईघाईने म्हणाले. "आणि जरा हस, फोटो काढतायत."

अहवालात लिहिलंय, 'मॉडेल प्रत्यक्ष चाचणीशी तंतोतंत जुळले.' मोजमाप करणारी म्हणून खाली माझं नाव. त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही, याचाच मला संताप येतो.