कायमची आपली

गल्लीत सगळे तिला फौजदारीण म्हणायचे. म्हणायचे ते पाठीमागे, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. नवऱ्याच्या माघारी सिनेमाच्या कॅसेटी भाड्यानं द्यायचं दुकान तिनं एकटीनं उभं ठेवलं होतं. शाळा तिच्या नशिबी फारशी आली नाही, अक्षराला अक्षर जोडत वाचायची. पण परत आलेली कॅसेट हातात घेतली की गिऱ्हाइकाच्या घरात काय घडलं ते तिला समजायचं. पट्टी मध्येच थांबलेली असली म्हणजे सिनेमा रटाळ, नाहीतर नवरा-बायकोचं वाजलेलं. पट्टी मागे गुंडाळून न आणणाऱ्याला ती चारचौघांत विचारायची, "जेवल्यावर ताटही असंच टाकून उठता का घरी?"

अशा बाईच्या दुकानात एक दिवस डिस्कवाला आला. गळ्याला टाय, हातात पेटी, आणि तोंडात साखर.

"मावशी, नमस्कार."

"मला बहीण नाही," ती म्हणाली. "काय काम आहे?"

तिचा मुलगा लगबगीनं पुढे झाला, त्यानं पाहुण्याला बसायला स्टूल दिलं. डिस्कवाल्यानं पेटीतून एक चपटं मशीन काढलं, टीव्हीला जोडलं, आणि आरशासारखी चकती आत सरकवली. चित्र इतकं लख्ख उमटलं, की नटाच्या गालावरचा रंग कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते तेही दिसायला लागलं. मुलगा भान हरपून बघत राहिला.

"गुंडाळायची भानगड नाही," डिस्कवाला म्हणाला. "पट्टी तुटणं नाही, बुरशी नाही. आता सगळं जग डीव्हीडीवर चाललंय. मशीन आमच्याकडून भेट. तुमच्या जुन्या सगळ्या कॅसेटी आम्ही घेऊन जाणार, त्यांच्या बदल्यात विकायला डिस्क आणि या चित्रातला नवा रॅक. शनिवारी टेम्पो येईल."

"भेट," ती म्हणाली. "आमचं काही लग्न ठरलंय का?"

मुलानं कपाळाला हात लावला. "आई, कंपनीची योजना आहे ती. सगळ्या दुकानांना देताहेत."

"म्हणूनच विचारते. एकाला देतो तो वेडा असेल. सगळ्यांना देतो त्याचा काहीतरी हिशेब असतो."

डिस्कवाला हसला, आणि जाताना दारावर एक मोठा रंगीत कागद चिकटवून गेला. त्यावर चार माणसांचं कुटुंब सोफ्यावर दात काढून बसलेलं. खाली ठळक अक्षरं होती. तो गेल्यावर तिनं चष्मा लावला आणि एकेक अक्षर जोडलं. का-य-म-ची. आ-प-ली.

"कायमची आपली," ती पुटपुटली. "काय कायमची?"

"डिस्क गं. जाहिरात आहे."

"आपलं दुकान कशाचं? आणा नि परत करा, याचं. इथून नेलेलं कायमचं व्हायला लागलं तर त्याला चोरी म्हणतात."

मुलगा फळी पुसायला वळला. पण तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. या बोलण्यात कुठेतरी पाणी मुरत होतं. कुठे, ते सापडेना.

त्यात सूनबाईची लक्षणं ठीक दिसेनात. एरवी ही मुलगी पिशव्या ओट्यावर आपटून सगळ्या गल्लीला आल्याची वर्दी द्यायची. पण गेल्या आठवड्यात बाजारातून आली ती मागच्या दारानं, हलक्या पावलानं, आतल्या खोलीत. तेव्हापासून तिथल्या पिशवीत काहीतरी कुरकुरायचं. नव्या प्लॅस्टिकचा आवाज. सासू आत गेली की आवाज बंद. शिवाय डिस्कवाला दुकानात आला त्या दिवशी सून त्याला बघून चटकन आत वळली होती, हे फौजदारणीच्या नजरेतून सुटलं नव्हतं. ओळख असल्याशिवाय कोणी असं वळत नाही.

म्हणजे घरातूनच फितुरी, असं तिनं ठरवून टाकलं. दुकान मोडायचं, कॅसेटी उचलून द्यायच्या, आणि म्हातारीला देवाचं नाव घ्यायला बसवायचं.

सून नळावर गेलेली बघून तिनं पिशवी उघडली. दुसऱ्याची पिशवी उघडू नये, हे तिला माहीत होतं. पण स्वतःच्या घरात दुसरं कोण असतं, असाही तिचा हिशेब होता. कपड्यांच्या खाली नवी करकरीत डिस्क. लहान मुलांचा कार्टूनचा सिनेमा, झाकणावर टोपी घातलेलं अस्वल. आणि कोपऱ्यात किमतीची चिठ्ठी, तिच्यावर कोपऱ्यावरच्या मोठ्या किराणा दुकानाचा शिक्का.

सून दारात येऊन उभी राहिली होती.

"हे काय आहे?"

"अस्वल," सून म्हणाली.

"डोळे आहेत मला. कॅसेटवाल्याच्या घरात विकतचा सिनेमा? आणि तोही साबणाच्या दुकानातून?"

सुनेचा चेहरा पडला. "तुमच्या नातीला हाच लागतो, आई. रोज. सकाळी हा, दुपारी हा. आपल्या दुकानातल्या कॅसेटची पट्टी तिनं झिजवून टाकली, अस्वलाचं तोंड दिसत नाही आता. माझ्या भावानं त्याचं जुनं डिस्कचं मशीन दिलंय, त्यावर लावते मी, दार ओढून. तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगणार? लोक म्हणतील, फौजदारणीची सून..." ती थांबली.

"म्हण, म्हण. पुढे काय?"

"फौजदारणीची सून बाहेरून सिनेमे विकत आणते."

"आणि त्या टायवाल्याला बघून पळालीस ती?"

"तोच तर तिकडे रॅक लावत होता. मला डिस्क त्यानंच काढून दिली. इथे ओळखलं असतं तर तुमच्यासमोर बोलून गेला असता."

फौजदारीण पलंगावर बसली. सुनेवरचा संशय उतरला, पण ती हलकी झाली नाही. उलट तो संशय आता आपल्या खऱ्या घरी जाऊन बसला.

"चप्पल घाल," ती म्हणाली. "साबण आणायला जाऊ."

किराणा दुकानात साबणाच्या शेजारीच तो रॅक होता. अगदी चित्रातल्यासारखा. वर तोच कागद, तेच दात काढणारं कुटुंब. बाया पिठाची पिशवी घ्यावी तशा सहज डिस्क टोपलीत टाकत होत्या. रॅकशी गणिताचे निवृत्त मास्तर उभे होते, तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तिला बघताच त्यांनी हातातली डिस्क टोपलीतल्या साबणाखाली सारली.

"साबण चांगला दिसतोय, मास्तर," ती म्हणाली. "फेस किती वेळ टिकतो?"

मास्तर कानापर्यंत लाल झाले. "नातवासाठी हो."

"कसलाय?"

"अस्वलाचा."

 घराच्या पायरीशी आल्यावर तिनं विचारलं, "पोरीला तो एकच का लागतो गं? शेवट तर तिला पाठ आहे."

"पाठ आहे म्हणूनच लागतो. नवं लावलं की रडते."

"आणि खुनाचा सिनेमा? खुनी कोण ते कळल्यावर तू तो पुन्हा बघशील?"

सून हसली. "वेड लागलंय का मला?"

शनिवारी टेम्पो दारात लागला. दोन हमाल नवा रॅक आणि खोकी घेऊन आत आले. मुलानं सकाळपासून फळ्या पुसून ठेवल्या होत्या. फौजदारीण दारात खुर्ची टाकून बसली. टेम्पोकडे जायचं तर तिच्या पायांवरूनच जावं लागलं असतं.

"या कॅसेटी नेऊन करणार काय?" तिनं डिस्कवाल्याला विचारलं.

"काही नाही, मोडीत. जुना माल आहे."

"मोडीत टाकायला टेम्पो पाठवता? आमच्या कचऱ्याची एवढी काळजी?" ती जरा पुढे झुकली. "माझ्याकडे भाड्यानं मिळायचं बंद झालं, की माणूस साबणाच्या दुकानात जाऊन विकत घेईल. कायमची आपली. माझ्या दारावर तुमचा कागद, आणि गल्ला त्याचा. बरोबर ना?"

डिस्कवाल्यानं मुलाकडे पाहिलं. मुलगा रॅककडे बघत होता. मग डिस्कवाल्यानं टाय सैल केला.

"कंपनीचं धोरण आहे, आई. लोकांनी घरात सिनेमे जमवावेत, असं त्यांना वाटतं. भाड्याच्या दुकानांत त्यांना रस नाही. मी नोकर माणूस."

तो मावशीवरून आईवर आला होता. तिनं या वेळी हटकलं नाही.

"आई," मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, "पण कॅसेट जाणारच आहे. हटून बसलीस तर दुकान बसेल."

"हटून कोण बसलंय? मी खुर्चीवर बसलेय." ती उठली. "नाचगाणी, मारामारी, अस्वलं, जे जे माणूस पुन्हा पुन्हा बघतं ते सगळं घेऊन जा. ते त्यांना विकतच घेऊ दे. खून, दरोडे, भुताचे बंगले, यांना हात लावायचा नाही. ज्याचा शेवट कळला की संपलं, ते कायमचं घरात ठेवून कोण काय करणार? तशा डिस्क मला भाड्याला द्या. मशीन ठेवते. भेट म्हणालात तुम्ही, चार लोकांदेखत."

डिस्कवाल्यानं मनाशी हिशेब केला आणि खुनाच्या डिस्कांचं एक खोकं उतरवून ठेवलं. टेम्पो अर्धा भरून गेला. रिकाम्या फळ्यांवरून तिनं एकदा हात फिरवला. तिनं सुनेकडून जाड पेन मागून घेतलं आणि दारावरच्या कागदावर, कायमची आपलीच्या खाली, वाकड्या मोठ्या अक्षरांत लिहिलं: उद्या परत.

पहिली डिस्क मास्तरांनी नेली. बंगल्यातला खून. दुसऱ्या दिवशी ते वेळेवर हजर झाले. तिनं डिस्क उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. पट्टी कुठे थांबली ते बघायला पट्टीच नव्हती. चकतीत तिचाच चष्मा चमकत होता. ही वस्तू काहीच सांगत नाही, हे तिला मुळीच आवडलं नाही.

"पूर्ण बघितला?"

"म्हणजे काय. छान होता."

"खुनी कोण?"

मास्तर घुटमळले. "तो... धाकटा भाऊ."

फौजदारणीनं डिस्क परत डबीत घातली आणि त्यांच्यापुढे सरकवली.

"झोप लागली होती ना? न्या परत. उद्या पुन्हा विचारणार आहे."