टीव्हीत न मावलेले तात्यासाहेब

कीर्तन लागलं की तात्यासाहेबांना जेवणाची आठवण राहत नाही, हे सरूबाईंना लग्नापासून ठाऊक. पण यंदा चितेगावच्या सप्ताहात ते थेट टाळकऱ्यांच्या रांगेत उभे राहिले, हे काही त्यांना पटेना. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं त्या शहरात, क्रांती चौकाजवळच्या घरीच होत्या.

"तुम्ही अन् टाळ? आरतीच्या टाळ्या तरी कधी ठेक्यात पडल्यात का?"

"डीव्हीडी येऊ द्या, मग बोला."

शूटिंगवाला बन्सी गावचाच. तात्यासाहेबांनी आधीच त्याच्या कॅमेऱ्यात डोकावून जागा हेरली होती, रांगेचं अगदी शेवटचं टोक. तिथं कुणाचा फेटा आडवा येत नव्हता.

बन्सीनं घरच्या कॉम्प्युटरवर केलेली डीव्हीडी आली. सून मंजुषानं जुना प्लेअर टीव्हीला जोडला. महाराज दिसले, पखवाजवाले दिसले, शेजारचा टाळकरी मोतीराम दिसला. मोतीरामच्या पलीकडं एक कोपर, अन् मग टीव्हीची कड.

"हेच व्हय तुम्ही?" सरूबाई म्हणाल्या. "कोपर लई साजरं दिसतंय. दृष्ट काढू का?"

तात्यासाहेबांनी टीव्ही थांबवायला लावून बन्सीला फोन लावला. "का रं, मला कापलंस व्हय?"

"माउलीची आन, तात्या, नाय कापलं! माझ्या कॉम्प्युटरवर तुम्ही पुरे दिसता, फेट्यासकट."

"मग इथं कुठं गेलो?"

"ते टीव्हीला इचारा."

मंजुषाला हसू आवरेना. "तात्या, जुन्या डबा टीव्हीत चित्राच्या कडा वाकड्या यायच्या. म्हणून टीव्ही चित्र जरा मोठं करायचा अन् कडा चौकटीमागं लपवायचा. चॅनलवाले त्या कडेला महत्त्वाचं काही ठेवतच नाहीत. बन्सीभाऊंना हे कुठलं ठाऊक?"

"पण आपला टीव्ही तर पापडासारखा हाय."

"चपटा झाला, खोड तीच राहिली."

"बघा," सरूबाई म्हणाल्या, "टीव्हीलाबी कळतं महत्त्वाचं काय ते."

मंजुषानं रिमोटनं सेटिंग शोधलं. चित्र थोडं आक्रसलं, अन् कडेनं तात्यासाहेब अख्खे आत आले. फेटा, बुक्का, मिटलेले डोळे. कीर्तन पुन्हा सुरू केलं, तर टाळ अगदी ठेक्यात!

मग अभंग संपला. पखवाज थांबला, सगळे टाळ थांबले. तात्यासाहेबांचा मात्र वाजतच होता. महाराजांनी वळून पाहिलं. शेवटी मोतीरामनं हात धरला, तेव्हा कुठं आवाज बंद झाला.

मोतीरामनं हात धरल्याचं तात्यासाहेबांना चांगलं आठवत होतं. शूटिंगमध्ये ते आलं असेल, हे ध्यानात नव्हतं.

"मंजुषा, आधीचंच बरं होतं गं. कर पुन्हा मोठं."

"खबरदार!" तात्यासाहेबांनी धरलेला रिमोट ओढून सरूबाईंनी तो मंजुषाला परत दिला. "मागं घे गं. हां, इथं थांबव."

टीव्हीवर तात्यासाहेब डोळे मिटून उभे होते, गालावर ओल होती. सरूबाई पुढं वाकल्या.

"सगळे थांबलेलं कळलंच नाय व्हय?"

"नाय कळलं," तात्यासाहेब खाली बघत म्हणाले.

"दिसतंय ते." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "पुढच्या साली मधोमध उभे राहा. मी समोरच बसणार हाय. कधी थांबायचं ते मी खुणवीन, मोतीरामला कशाला तरास?"