कोटातला इंद्रजीत

टायची गाठ. निळी, आणि इतकी नीट की ती कुणा माणसाने बांधलेली असणं शक्यच नाही.

चपलेखाली चिकटलेली कांद्याची साल.

दाराकडे तोंड करून मांडलेली खुर्ची, जिच्यावर कुणी बसायचं नाही.

नळाचं पाणी... ओंजळीत घेतलं की हल्ली ते कुठून वाहत येतं हे आठवतं, आणि मग पिववत नाही.

"ताई, कोट लोकरीचा होता की साधा?"

हवालदार सर्जेराव आपल्यालाच विचारतायत हे अस्मिताच्या जरा उशिराने लक्षात आलं. चौकीच्या भिंतीवर चिकटवलेल्या पत्रकातली ती निळी गाठ बघत ती बाकावर बसली होती. गाठीच्या वर इंद्रजीतचा चेहरा. तिचा नवरा, मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर मालाचं वजन करणारा तोलणार, उन्हाळ्यात घरातून गेला तो अजून आलेला नाही.

"साधा," ती म्हणाली.

कोट नव्हताच. कोट बुधवार पेठेतल्या फोटोवाल्याने घातला होता. मोबाईलमध्ये इंद्रजीतचा एकट्याचा असा एकच धड फोटो निघाला, कुणाच्या तरी हळदीतला, गळा सैल झालेल्या टी-शर्टमधला, आणि फोटोवाला चष्म्यावरून बघत म्हणाला होता, "टी-शर्टातला माणूस हरवला तर कोण शोधतं, बाई? कोट घालतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही, घाबरू नका." संगणकावर बटण दाबल्याबरोबर मानेखालचा नवरा गेला आणि कोट आला – सकाळपासून पासपोर्टच्या फोटोंना किती जणांच्या अंगावर चढलेला तोच कोट – आणि तिला क्षणभर, लाज वाटावी इतका, तो बरा दिसला होता.

पत्रकं लागली आणि इंद्रजीत दिसायला लागला.

पहिल्यांदा कोंडीराम हमालाला. "जयभीम वहिनी. दिसला हो तुमचा मानूस, गेट नंबर एकला. कोटात हाय आता! हाक मारली तर वळूनसुदीक बघितलं न्हाई. मोठा झाला म्हनायचा." त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं पोती उचललेला कोंडीराम. त्याने इंद्रजीतला कधी कोटात पाहिलं नव्हतं, आणि आता दुसऱ्या कशात पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. मग शिवाजीनगरला एका रिक्षावाल्याला दिसला. मग दगडूशेठच्या रांगेत एका बाईंना – त्यांना तर कोटाचं एक बटण तुटलेलंही दिसलं होतं. कोट सगळीकडे तोच.

सांगून टाकायचं तिने ठरवलं होतं, पहिल्याच दिवशी. पण कोंडीरामचा निरोप ऐकून सासूबाई उठल्या, मथुराबाई, ज्यांनी अन्न टाकलं होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने भाकरी थापली आणि खाल्ली. कोट खोटा म्हटलं की ती भाकरीही परत घ्यावी लागणार... उद्या सांगू. मग परवा. मग साहेबांनी स्वतः विचारलं तर.

"त्याचं काय आहे," सर्जेराव आवाज खाली आणून म्हणाले, "आपलं प्यायचं पाणी येतं त्या कालव्यात एक मिळालाय. खडकवासल्याच्या खाली. वय साधारण तेच. चेहऱ्यावरून काही कळायची सोय नाही. अंगात शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या."

इंद्रजीत दुमडायचा. पण यार्डात कोण दुमडत नाही?

"नियमाप्रमाणे तुम्हाला दाखवायला पाहिजे. पण साक्षीदार एकजात कोट सांगतात, आणि याच्या अंगावर कोट नाही, काठावरही मिळाला नाही. मग उगाच शवागाराच्या पायऱ्या कशाला चढायच्या? तुम्हीच सांगा. आपला माणूस कोटातला. बरोबर?"

पंखा फिरत होता. भिंतीवरचा इंद्रजीत कधी नव्हे इतका सरळ बसला होता... एक शब्द, अस्मिता. नुसतं म्हण, साहेब, मला बघू द्या. बाह्या बघेन, नखं बघेन, नखांत माती असते त्याच्या, कितीही धुतली तरी – असते, की असायची?

"बरोबर," ती म्हणाली. "तो नव्हे."

सर्जेरावांना सुटल्यासारखं वाटलेलं दिसलं. चहा घेता का, असंही त्यांनी विचारलं.

घरी मथुराबाई खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. "काय म्हणाले गं?"

"दिसला म्हणे, आई. स्वारगेटला."

"कोटात?"

"हो."

"बरं झालं बाई. थंडी पडलीये."

अस्मिता मोरीत गेली. नळ सोडला नाही. डोळे मिटून तिने दुमडलेल्या बाह्या आठवायचा प्रयत्न केला. हात यायचे, कोपर यायचं, आणि मग वरून तो गडद कापडाचा हात सरसर खाली उतरायचा, मनगटापर्यंत. पुन्हा. पुन्हा तेच. खांद्यावर एक दोरा होता, पांढरा, आणि इंद्रजीत निघता निघता तिने तो चिमटीत धरून काढला होता, इंद्रजीत जरा हसला होता, कापड गार लागलं होतं... कधी? मी कधी काढला दोरा? पण बोटांना ठाऊक होतं. बोटं खोटं कशाला सांगतील? मीच तर कपाटातून काढून दिला असणार, म्हटलं असणार, घालून जा, चारचौघांत बरं दिसतं. कालव्यातल्या त्या माणसाला कुणी तरी असेल. त्याचं त्याचं कुणी तरी जाईल बघायला.

बाहेरून मथुराबाईंनी विचारलं, "बटण लावलंस का गं त्याचं, तुटलेलं?"

"लावलं," अस्मिता म्हणाली, आणि आपला आवाज इतका स्वस्थ कसा, याचं तिला नवल वाटलं नाही.

इंद्रजीत गेला त्या सकाळी, आत दोघी झोपेत असताना, त्याने दाराला बाहेरून कडी घातली होती.