जांभळीचं गाऱ्हाणं

जयवंत परब चौदा वर्षं गिरणीत होता आणि गेली चार वर्षं झाडावर. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणी उघडेना, तेव्हा ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने धरलं. कुणी रिक्षा धरली, कुणी गावची वाट. जयवंतने मुलुंडमधली झाडं धरली. मालवणकडच्या माणसाला माड नवीन नसतो, आणि गुलमोहर म्हणजे फांद्या फुटलेला माड, अशी त्याची समजूत होती. ती चुकीची असल्याचं घाटकोपरच्या एका गुलमोहराने त्याला दाखवून दिलं. फांदी कडकन मोडली आणि जयवंत खाली बांधलेल्या म्हशीवर पडला. म्हशीला काही झालं नाही. तिच्या मालकाला मात्र बराच वेळ शांत करावं लागलं.

गुलमोहराचं लाकूड ठिसूळ असतं, हे कुणीही सांगितलं असतं. जयवंतने वेगळं कारण काढलं. त्या दिवशी घाईत गाऱ्हाणं घालायचं राहिलं होतं. तेव्हापासून झाडापुढे नारळ ठेवून, आपण कोण, कशाला आलो, काय तोडणार, हे मोठ्याने सांगितल्याशिवाय त्याने पाय वर टाकला नाही. गाऱ्हाण्याला दोन नियम. एक, प्रत्येक वाक्यामागून कुणीतरी 'व्हय म्हाराजा' म्हटलं पाहिजे. दुसरा, त्यात खोटं चालत नाही. मनातल्या मनात घातलेलं गाऱ्हाणं तर धरतच नाहीत.

कंबरेला मात्र तो गाऱ्हाण्यावर विसंबत नसे. तिथे गिरणीच्या यंत्रावरचा चामड्याचा रुंद पट्टा होता. तो त्याने मुकादमाच्या डोळ्यांदेखत आणि मुकादमाच्याच मदतीने बाहेर काढला होता.

अडचण झाडांची नव्हती, कायद्याची होती. पंचाहत्तर साली सरकारने झाडांसाठी कायदा केला. परवानगीशिवाय तोडायचं नाही. परवानगी मालकाने काढायची. पण ती नसली की वॉर्डाची माणसं येऊन करवत उचलून न्यायची, आणि करवत जयवंतची असायची. अशा त्याच्या दोन करवती गेल्या. त्यामुळे वॉर्ड ऑफिसने झाडकाम करणाऱ्यांची अधिकृत यादी करायचं ठरवलं, तेव्हा जयवंतने पहिल्याच दिवशी फॉर्म आणला. यादीत नाव लागलं की बिल्ला मिळणार होता, आणि बिल्लेवाल्याच्या करवतीला कुणी हात लावणार नव्हतं.

फॉर्मवर अटी होत्या. स्वतःची शिडी, दोर, पट्टा. सामानाची तपासणी कामाच्या जागी, न कळवता होईल. आणि लेटरहेडवर दोन अनुभवाचे दाखले. एक दाखला त्याने झाडं छाटून दिलेल्या एका शाळेने दिला. दुसरा सोमवारपर्यंत द्यायचा होता, आणि तो मधुकर सबनीसांच्या हातात होता.

सबनीस विमा कंपनीत होते आणि 'शिवछाया' सोसायटीचे सेक्रेटरी होते. सहा वर्षांपूर्वी बुक केलेल्या गाडीचा त्यांचा नंबर लागला होता. गाडीला गॅरेज हवं होतं, आणि गॅरेजच्या जागेवर जांभूळ उभी होती. अर्ज केल्यावर वॉर्डाने दोन फांद्यांची परवानगी दिली. सबनीसांना ती अपमानास्पद वाटली.

"हे बघ परब," शनिवारी सकाळी झाडाखाली उभं राहून ते म्हणाले, "दोन फांद्या कापता कापता लक्षात आलं की झाड आतून पोकळ आहे. लोकांच्या जिवाला धोका. म्हणून बुंध्यापासून उतरवलं. काय?"

जयवंतने कोयत्याची पाठ बुंध्यावर मारली. आवाज भरीव आला. त्याने दुसऱ्या बाजूने मारली.

"पोकळ नाय हा, सायेब."

"तू सर्जन आहेस का रे? दाखला टाइप करून ठेवलाय मी. सही फक्त बाकी आहे." त्यांनी हातातली फाइल थोपटली. "झाड आडवं, की सही."

बुंधाच कापायचाय, हे सबनीसांनी आदल्या दिवशीच कळवलं होतं, आणि जयवंतने रात्री घरी बायकोला, प्रेमाला, ते सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "एक झाड गेला तर काय व्हता? तिसरी करवत जातली त्यापेक्षा बरा." तिचं बरोबर होतं. म्हणून तो आला होता. बुंधा कापायचा, दाखला घ्यायचा, आणि पुढे आयुष्यभर कायद्याने वागायचं, असं त्याने ठरवलं होतं.

त्याने दोर सोडला, पट्टा बांधला, शिडी लावली. एक चष्मेवाला माणूस फाटकातून आत येऊन हे सगळं निरखत होता. जयवंतला तो सोसायटीतला वाटला. सबनीसांना तो जयवंतचा वाटला, म्हणून ते म्हणाले, "नुसता बघतोस काय? शिडी धर." माणसाने शिडी धरली.

जयवंतने नारळ ठेवला, हात जोडले आणि तिथे त्याची पंचाईत झाली. रात्री ठरवताना गाऱ्हाण्याचा विचारच केला नव्हता. न घालावं, तर घाटकोपरची म्हैस आठवत होती, आणि इथे खाली फरशी होती. एरवी साथीला येणाऱ्या मेहुण्याच्या घरी पाहुणे आल्यामुळे 'व्हय म्हाराजा' म्हणायलाही कुणी नव्हतं. मग डोळे मिटून त्याने सुरुवात केली.

"हे जांभळे म्हाराजा. मी परबाचो जयवंत, आज तुज्यार चढतंय."

"व्हय म्हाराजा," शिडीजवळून आवाज आला. चष्मेवाला कणकवलीचा निघाला. त्याच्या तोंडून ते आपोआपच गेलं.

"सरकारी कागदार तुज्यो दोन फांद्यो लिवलेल्यो आसत."

"व्हय म्हाराजा." या वेळी तळमजल्याच्या गॅलरीतून वसुधाबाई राण्यांनीही साथ दिली. त्या सावंतवाडीच्या.

"पण सेक्रेटरी सायबांका तुजो बुंधोच व्हयो आसा. तेंची गाडी येतली, तिका घर बांधूचा आसा."

"व्हय म्हाराजा." आता पहिल्या मजल्यावरची माणसंही म्हणाली. ती घाटावरची होती, पण चाल सोपी होती.

"अरे, काय चाललंय काय?" सबनीस म्हणाले.

"तू आतून पोकळ नाय, ह्या माका म्हायत आसा. तरी पोकळ म्हणान सांगूक सांगलेला आसा. सांगलंय नाय, तर माका दाखलो गावाचो नाय."

"व्हय म्हाराजा," सगळी इमारत म्हणाली.

"ह्याच्यात माजी चूक आसात तर माज्या पदरात घाल. तेंची आसात तर तेंच्या."

शेवटचा 'व्हय म्हाराजा' सर्वांत मोठा झाला. जयवंतने डोळे उघडले. त्याला एकदम हलकं वाटलं आणि मग दाखला आठवला.

चष्मेवाल्याने शिडी सोडून खिशातून ओळखपत्र काढलं. "अंबादास तेली, उद्यान खातं. सामानाच्या तपासणीला आलो होतो. परवानगीचा कागद बघू."

सबनीसांनी पूर्ण फाइलच पुढे केली. विम्यातल्या माणसाला फाइल सोडवत नाही आणि एखादा कागद मागितला तर तो फाइलीतून सुटा करून देता येत नाही. परवानगीच्या खालीच दाखला होता. तेल्यांनी तो शांतपणे वाचला. "श्री. परब यांनी आमच्या आवारातील जांभळीचे झाड बुंध्यापासून अत्यंत सुरक्षितपणे उतरवले." तारीख आजची. त्यांनी मान वर करून झाडाकडे पाहिलं. झाड होतं.

"हा कागद मी ऑफिसला लावू, की तुम्ही दुसरा टाइप करताय?"

"दुसरा म्हणजे?"

"जे होईल ते. दोन फांद्या. काम बघा, मग लिहा."

जयवंत चढला. वरून दोर टाकून त्याने एकेक फांदी आधी बांधली, मग खालून अर्धी, वरून अर्धी कापली, आणि वसुधाबाईंच्या कुंड्यांना धक्का न लावता खाली सोडली. तोवर सबनीसांच्या घरातून टाइपरायटरचा आवाज येत राहिला. अधूनमधून तो थांबायचा. मग पुन्हा रागाने सुरू व्हायचा.

पट्ट्याशी तेली अडले. "यावर शिक्का कुठे आहे?"

"गिरणीचो पट्टो हा. चार वर्षां माका धरून आसा."

तेल्यांनी तो दोन्ही हातांनी ओढून पाहिला, शिडीच्या पायरीला अडकवून स्वतः मागे रेलून पाहिला, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : शिक्का नाही. पट्टा आहे.

जुलैत यादी लागली. जयवंतचं नाव एकोणिसावं होतं. बिल्ला पत्र्याचा होता आणि पावसाने दुसऱ्याच आठवड्यात गंजला, पण करवत वाचली.

सबनीसांची गाडी दुसरी जागा नसल्याने जांभळीखालीच उभी राहू लागली. ती पांढरी होती. पुढच्या जूनमध्ये तिचा रंग सांगणं कठीण झालं, तेव्हा ते स्वतः जयवंतच्या दारी आले.

"परब, गाडीवरची तेवढी एक फांदी काढ ना यार."

जयवंतने त्यांना खुर्ची दिली. प्रेमाने चहा ठेवला.

"अर्ज करा, सायेब," तो म्हणाला. "परवानगी इली की मी येतंय. गाऱ्हाना घालूक लागतला, पण."

सबनीसांनी चहा संपवला आणि गाडीला घालायचं कापड कुठे मिळतं ते विचारलं.